विनिफ्रेड होल्टबी: वाचक वारंवार विचारतात ते प्रश्न

विनिफ्रेड होल्टबी ही माझी फार जवळची लेखिका. तिच्याबद्दल कुठे बोलले की नंतर पत्रं येतात, फोन येतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. साधे आधी, अवघड मागून. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण काही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

१. ही विनिफ्रेड होल्टबी कोण? आम्ही नावसुद्धा ऐकलं नाही.

इंग्लंडच्या यॉर्कशर भागातली कादंबरीकार, पत्रकार आणि वक्ता. जन्म २३ जून १८९८, रडस्टन या खेड्यात. मृत्यू २९ सप्टेंबर १९३५, लंडनमध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी. एवढ्या आयुष्यात तिने सहा कादंबऱ्या लिहिल्या. शिवाय कथा, कविता, एक नाटक, व्हर्जिनिया वूल्फवरचा समीक्षाग्रंथ, स्त्रियांच्या प्रश्नावरचं एक पुस्तक आणि वृत्तपत्रांतले असंख्य लेख. 'साउथ रायडिंग' ही तिची सगळ्यात मोठी कादंबरी. ती १९३६ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर, छापून आली आणि त्या वर्षीचा जेम्स टेट ब्लॅक पुरस्कार तिला मिळाला.

२. ती शेतकऱ्याची मुलगी होती हे खरं का?

खरं आहे, पण शेतकरी म्हणजे मोठा बागायतदार समजा. वडील डेव्हिड होल्टबी यांची रडस्टनला भरपूर जमीन होती आणि हाताखाली मजूर होते. महायुद्धाच्या शेवटी शेतमजुरांनी संप केला. वडिलांच्या मनाला तो फार लागला. त्यांनी शेती सोडली आणि घर हल शहराजवळच्या कॉटिंगहॅमला नेलं. विनिफ्रेड त्या वेळी फ्रान्समध्ये होती.

पहिल्या कादंबरीत, 'अँडर्बी वोल्ड'मध्ये (१९२३), तिने हीच जखम उघडली. शेत जिवापाड जपणारी मालकीण एकीकडे आणि मजुरांना संघटित करायला आलेला तरुण दुसरीकडे. मला तिचं कौतुक वाटतं ते इथे. वडिलांचं दुःख तिच्या घरचंच होतं, तरी मजुरांची बाजू तिने खोटी पाडली नाही. कोण बरोबर ते वाचकाला शेवटपर्यंत सहज ठरवता येत नाही.

३. तिचं पहिलं पुस्तक तेराव्या वर्षी आलं, ते कसं?

आईने गुपचूप छापून घेतलं! ॲलिस होल्टबी मोठी कर्तबगार बाई. मुलीच्या कविता तिने जमवल्या आणि १९११ मध्ये हलच्या छापखान्यातून त्यांचं छोटं पुस्तक काढलं. मुलीला त्याचा पत्ता नव्हता. दुकानात गेली असताना आपलंच पुस्तक तिच्या नजरेला पडलं. आईचा हा धडाका पुढे मुलीच्या लेखनात कसा उतरला आणि त्यातून काय वादळ झालं, ते प्रश्न ९ मध्ये.

४. पहिल्या महायुद्धात ती परिचारिका होती ना?

युद्धातल्या सैनिकांची परिचारिका होती ती व्हेरा ब्रिटन, विनिफ्रेडची लेखिका मैत्रीण. ही गल्लत फार जण करतात. विनिफ्रेड १९१७ मध्ये ऑक्सफर्डच्या समरविल कॉलेजात दाखल झाली, पण वर्षभरातच शिक्षण अर्धवट टाकून सैन्याच्या महिला साहाय्यक दलात गेली. नेमणूक फ्रान्समधल्या उशनव्हिल या गावी, काम बायकांच्या वसतिगृहाच्या देखरेखीचं. १९१९ मध्ये ती ऑक्सफर्डला परतली. तिथे स्त्रियांना पदवी देण्याचा निर्णय १९२० मध्ये झाला, त्यामुळे १९२१ साली शिक्षण पुरं झालं तेव्हा तिला रीतसर पदवी मिळाली.

युद्ध तिने त्याआधीही पाहिलं होतं. १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांनी स्कारबरो शहरावर तोफा डागल्या. विनिफ्रेड तेव्हा तिथल्याच शाळेत होती. त्या सकाळचं तिने केलेलं वर्णन स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं. दहा वर्षांनी 'द क्राउडेड स्ट्रीट' या कादंबरीत तोच प्रसंग पुन्हा भेटतो.

५. व्हेरा ब्रिटनशी तिची मैत्री कशी जमली?

भांडणातून. १९१९ मध्ये समरविलला दोघी एकाच प्राध्यापकांकडे इतिहास शिकत होत्या. व्हेराने युद्धात प्रियकर आणि सख्खा भाऊ गमावला होता, स्वतः रुग्णालयांत काम केलं होतं, आणि नव्या मुलींना त्याचं काहीच वाटत नाही ही सल तिला होती. कॉलेजच्या एका वादविवादात विनिफ्रेडने तिला विरुद्ध बाजूला उभं केलं. विद्यापीठाच्या चार वर्षांपेक्षा चार वर्षं जग फिरणं हेच खरं शिक्षण का, असा काहीसा विषय होता. व्हेराला तो आपला जाहीर अपमान वाटला. पुढे विनिफ्रेड आपण होऊन तिच्याकडे गेली आणि मैत्री जुळली ती कायमची.

१९२२ पासून दोघी लंडनला एकत्र राहिल्या. १९२५ मध्ये व्हेराने जॉर्ज कॅटलिनशी लग्न केलं, त्यानंतरही विनिफ्रेड त्या घरचीच राहिली. व्हेराची मुलं जॉन आणि शर्ली तिला मावशीच मानायची. यातली शर्ली म्हणजे पुढे ब्रिटनच्या राजकारणात गाजलेल्या शर्ली विल्यम्स. विनिफ्रेडच्या पश्चात व्हेराने तिचं चरित्र लिहिलं, 'टेस्टामेंट ऑफ फ्रेंडशिप' (१९४०). दोन बायकांच्या मैत्रीला एवढ्या गांभीर्याने घेणारी पुस्तकं थोडी आहेत. त्याचा एक तोटाही झाला. लोक विनिफ्रेडला व्हेराच्या डोळ्यांनीच बघू लागले, आणि "व्हेराची मैत्रीण" एवढीच तिची ओळख उरली.

६. त्या दोघींमध्ये मैत्रीपलीकडचं काही होतं का?

हा प्रश्न त्यांच्या हयातीतही कुजबुजत विचारला जायचा. व्हेराने तो ठामपणे नाकारला. अभ्यासकांमध्ये अजून दोन मतं आहेत. कागदोपत्री जे आहे ते एवढंच: दोघींचं एकमेकींवर अपार प्रेम होतं, आणि विनिफ्रेडच्या आयुष्यात हॅरी पिअर्सन नावाचा लहानपणापासूनचा मित्रही होता. तो यायचा आणि नाहीसा व्हायचा. ती मृत्युशय्येवर असताना व्हेराने त्याला गाठलं आणि लग्नाचं विचारायला लावलं.

माझं मत विचाराल तर, या नात्याला आजचं नाव चिकटवायची घाई करू नये आणि ते नाव कुणी सुचवलं म्हणून दचकूही नये. सोळा वर्षं त्यांनी एकमेकींची हस्तलिखितं वाचली, आजारपणं काढली आणि एक घर चालवलं. मला एवढं माहीत असणं पुरेसं वाटतं.

७. 'साउथ रायडिंग' हे ठिकाण नकाशावर सापडत का नाही?

कारण ते नाहीच. यॉर्कशरचे पूर्वापार तीन भाग होते: ईस्ट, वेस्ट आणि नॉर्थ रायडिंग. 'रायडिंग' या शब्दाचा घोडेस्वारीशी काही संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेतल्या 'एक तृतीयांश' या अर्थाच्या शब्दावरून तो आला. तीन भाग म्हटल्यावर चौथा कुठून येणार? होल्टबीने तो कल्पनेने उभा केला, पण माती ईस्ट रायडिंगची वापरली. कादंबरीतलं किपलिंग्टन हे समुद्रकाठचं गाव बरंचसं विदर्नसीवर बेतलेलं आहे. शेवटच्या दोन वर्षांत ती विदर्नसी आणि हॉर्नसी इथे खोली घेऊन लिहीत बसायची.

८. ही कादंबरी जिल्हा प्रशासनावर आहे म्हणे. मग ती रटाळ नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून याचं उत्तर सविस्तर देते.

कादंबरीचे आठ भाग आहेत आणि प्रत्येक भागाला काउंटी कौन्सिलच्या एकेका समितीचं नाव आहे: शिक्षण, रस्ते व पूल, शेती व लहान जमीनधारक, सार्वजनिक आरोग्य, निराधार साहाय्य, मनोदुर्बलता, वित्त, गृहनिर्माण व नगररचना. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या विषय समित्या असतात ना, तसंच. माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. घरी इतिवृत्तांच्या पाठकोऱ्या कागदांवर मी गणितं सोडवली आहेत. त्यामुळे ही अनुक्रमणिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला रटाळ वाटणं शक्यच नव्हतं. उलट अंगावर काटा आला. ठराव मांडला, अनुमोदन मिळालं, मंजूर झाला, या तीन शब्दांमागे कुणाचं घर उभं राहतं आणि कुणाचं बसतं, हे दाखवणारी कादंबरी मी तोवर वाचली नव्हती.

होल्टबीची आई काउंटी कौन्सिलवर होती. आईच्या केराच्या टोपलीतून तिने समित्यांचे टाकून दिलेले कागद उचलले आणि त्यांतून ही माणसं शोधली. गरिबी, आजार, अज्ञान आणि एकटेपणा हे सगळ्यांचे सामाईक शत्रू, आणि स्थानिक प्रशासन म्हणजे त्यांच्याविरुद्ध समाजाने उभारलेली पहिली तटबंदी, असं तिने आईला उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत म्हटलं आहे.

आता कथा. सेरा बर्टन ही लाल केसांची, लोहाराची मुलगी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन येते. तिच्या समोर रॉबर्ट कार्न, जुन्या वळणाचा जमीनदार. त्याची बायको मनोरुग्णालयात आहे आणि तिच्या खर्चापायी इस्टेट कर्जात बुडाली आहे. दोघांची मतं साफ विरुद्ध. मध्ये मिसेस बेडोज, ७२ वर्षांची खमकी अल्डरमन. अल्डरमन म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांनी निवडलेला ज्येष्ठ सदस्य.

पण मला विचाराल तर कादंबरीचा जीव लिडिया हॉलीत आहे. गावाबाहेरच्या 'शॅक्स' नावाच्या वस्तीत हॉली कुटुंब आगगाडीच्या जुन्या डब्यात राहतं. खाली भावंडांचा कालवा, ओले कपडे, दमलेली आई. लिडिया पुस्तक घेऊन डब्याच्या टपावर चढते आणि शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' वाचत पडते. मुलगी विलक्षण हुशार, सेराच्या शाळेत शिष्यवृत्तीवर येते. मग आणखी एका बाळंतपणात आई जाते आणि भावंडांना सांभाळायला लिडियाला शाळा सोडावी लागते. समितीच्या टेबलावर याला "एक जागा रिकामी" म्हणतील. मोठी बहीण म्हणून शाळा सोडलेल्या बायका आपल्याही घरांत आहेत. या प्रकरणांनंतर मला आलेली पत्रं बहुतेक त्यांच्या मुलींची आहेत. लिडियाचं पुढे काय होतं ते सांगत नाही, वाचा.

९. मिसेस बेडोज म्हणजे लेखिकेची आईच ना?

प्रस्तावनेत होल्टबीने 'नाही' म्हटलं आहे. पण वाचणाऱ्यांना साम्य दिसायचं ते दिसलंच. ॲलिस होल्टबी ईस्ट रायडिंगच्या काउंटी कौन्सिलवरची पहिली महिला अल्डरमन होती. हे पुस्तक छापू नये असं तिला वाटत होतं. सहकाऱ्यांची बदनामी होईल ही भीती होती. पुस्तक आलं आणि तिने कौन्सिलचा राजीनामा दिला.

आईची चूक होती असं मी म्हणणार नाही. मुलीला जाऊन वर्षही झालेलं नव्हतं. तिचं शेवटचं पुस्तक आणि स्वतःची आयुष्यभराची कमाई समोरासमोर उभी राहिली होती. व्हेरा साहित्यिक वारस होती, तिने पुस्तक छापण्याचा आग्रह धरला आणि तडीस नेला. वाचक म्हणून आपण व्हेराचे ऋणी आहोत. तरीही त्या म्हाताऱ्या आईचं वाईट वाटतंच.

१०. तिला कोणता आजार होता? मरणार हे ठाऊक असताना तिने कादंबरी लिहिली का?

मूत्रपिंडाचा विकार, त्या काळी ज्याला ब्राइटचा आजार म्हणत. १९३१ मध्ये ती कोसळली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की फार तर दोन वर्षं. तेव्हा डायलिसिस नव्हतं, रक्तदाबावर खात्रीची औषधं नव्हती.

म्हणजे हो, ठाऊक होतं. व्हेराने एक प्रसंग नोंदवला आहे. १९३२ च्या सुरुवातीला विनिफ्रेड बकिंगहॅमशरच्या एका खेड्यात विश्रांतीसाठी राहिली होती. अजून काहीच लिहून झालं नाही आणि आता वेळ नाही, या कडवट विचारात ती चढ चढत होती. एका गोठ्याबाहेर पाण्याचं कुंड होतं, वर बर्फाचा थर. कोकरं पाणी प्यायला धडपडत होती. तिने हातातल्या काठीने बर्फ फोडला आणि कोकरं पाणी पिऊ लागली. त्या क्षणी बायबलमधलं एक वचन तिच्या मनात घुमलं: जवळ काहीच नसलेले, तरी सगळं ज्यांचं आहे असे. कडवटपणा गेला तो परत आला नाही, असं ती म्हणायची.

त्यानंतर तीन वर्षं ती जगली. 'मांडोआ, मांडोआ!' आणि 'विमेन अँड अ चेंजिंग सिव्हिलायझेशन' ही पुस्तकं त्याच काळातली, 'साउथ रायडिंग'ही. १९३५ च्या उन्हाळ्यात व्हेराचे वडील वारले आणि नवरा आजारी पडला, तेव्हा मुलांकडे बघायला हीच धावली. कादंबरी पुरी केली आणि काही आठवड्यांत गेली.

११. ती स्वतःला स्त्रीवादी म्हणवत असे का?

म्हणवत असे, पण तिची गोष्ट निराळी आहे. हा वाद लवकर संपावा आणि आपल्याला आवडीच्या कामाला लागता यावं, अशी तिची इच्छा होती. पण अन्याय चालू आहे तोवर स्त्रीवादीच राहावं लागेल, असं तिने १९२६ मध्ये लिहिलं. तिला विशेष सवलती नको होत्या. समान हक्क हवे होते. लेडी ऱ्हाँडा यांनी काढलेल्या 'टाइम अँड टाइड' साप्ताहिकाच्या संचालक मंडळावर ती १९२६ पासून होती.

एक हिशेब करून बघा. १९१८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मत मिळालं ते तीस वर्षांवरच्या, तेही मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांप्रमाणे एकविसाव्या वर्षी मत देणारा कायदा २ जुलै १९२८ ला झाला. विनिफ्रेडची तिशी त्याआधी नऊच दिवस भरली होती. युद्धात काम केलेली, ऑक्सफर्डची पदवीधर, तीन कादंबऱ्या नावावर, आणि तोवर तिला संसदेसाठी मत नव्हतं.

१२. व्हर्जिनिया वूल्फला तिचं पुस्तक आवडलं का?

होल्टबीचं वूल्फवरचं पुस्तक १९३२ चं, इंग्रजीतल्या पहिल्यावहिल्या ग्रंथांपैकी. आपल्यापेक्षा अगदी वेगळ्या जातकुळीच्या लेखिकेला तिने मोकळ्या मनाने समजून घेतलं. वूल्फने मात्र खाजगी पत्रात, ही यॉर्कशरच्या शेतकऱ्याची मुलगी डुकरं राखता राखता वाचायला शिकली म्हणे, असा शेरा मारला. वूल्फ मला प्रिय आहे, तरी हे वाक्य मला अजून टोचतं.

१३. दक्षिण आफ्रिकेशी तिचा काय संबंध?

१९२६ मध्ये राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) प्रचारासाठी व्याख्यानं द्यायला ती तिथे गेली. युद्धकाळातली तिची मैत्रीण जीन मॅकविल्यम तिथे शिक्षिका होती. वर्णभेद तिने डोळ्यांनी पाहिला आणि परतल्यावर गप्प बसली नाही. क्लेमेंट्स कडाली यांच्या कृष्णवर्णीय कामगारांच्या संघटनेला मदत म्हणून विल्यम बॅलिंजर या ब्रिटिश कामगार कार्यकर्त्याला १९२८ मध्ये तिकडे धाडण्यात तिचा मोठा वाटा होता. त्यासाठी ती लेख लिहून कमावलेले पैसे देत राहिली. १९४० मध्ये जोहान्सबर्गच्या वेस्टर्न नेटिव्ह टाउनशिपमध्ये तिच्या नावाने वाचनालय उघडलं. सेरा बर्टनही दक्षिण आफ्रिकेत शिकवून आलेली आहे, हे वाचताना ध्यानात ठेवा.

१४. कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करू?

'साउथ रायडिंग'. आवडलं तर 'अँडर्बी वोल्ड', मग 'द क्राउडेड स्ट्रीट'. 'द क्राउडेड स्ट्रीट'मध्ये लग्न हेच मुलीचं ध्येय मानणाऱ्या घरातली घुसमट आहे आणि ती आपल्याला ओळखीची वाटेल. 'मांडोआ, मांडोआ!' सर्वांत शेवटी. काल्पनिक आफ्रिकी देशावरची ही कादंबरी तिच्या काळाच्या मर्यादांसकट वाचावी लागते.

१५. चित्रपट किंवा मालिका पाहिली तर चालेल?

आधी पुस्तक. १९३८ च्या चित्रपटाने शेवट गोड करून टाकला, आणि मूळ कादंबरीचा कणा मोडला. १९७४ ची मालिका तेरा भागांची, ऐसपैस. बीबीसीची २०११ ची मालिका तीनच भागांत आटोपते. अभिनय सुरेख, पण समित्या जवळजवळ गायब.

१६. तिचा भारताशी काही संबंध होता का?

ती स्वतः कधी आली नाही. व्हेरा मात्र आली. डिसेंबर १९४९ मध्ये शांतिनिकेतन आणि आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला जागतिक शांततावाद्यांची परिषद भरली, तिला ती हजर होती. त्या प्रवासावरचं तिचं पुस्तक १९५१ मध्ये निघालं.

१७. तिची कबर कुठे आहे?

रडस्टनच्या चर्चच्या आवारात. तिथेच ब्रिटनमधली सगळ्यात उंच उभी शिळा आहे, साडेसात मीटरहून जास्त, ख्रिस्ती धर्म यायच्या कितीतरी आधीची. यॉर्कशरला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून जावं.

१८. मला मराठीत भाषांतर करायचं आहे. परवानगी लागेल का?

भारतात लागणार नाही. हयातीत छापलेल्या पुस्तकांची मुदत तिच्या मृत्यूपासून मोजली तर ती केव्हाच संपली. 'साउथ रायडिंग' मरणोत्तर आहे, म्हणून तिची साठ वर्षं छपाईपासून मोजायची. ती १९९६ अखेर भरली. ब्रिटनमध्येही मृत्यूनंतरची सत्तर वर्षं २००५ ला पूर्ण झाली.

अडचण अमेरिकेतल्या मराठी मंडळींना येऊ शकते. तिथे छपाईपासून ९५ वर्षांचा नियम आहे, त्यामुळे १९३६ च्या पुस्तकाचं संरक्षण २०३१ अखेरपर्यंत धरून चालावं. तिथून प्रकाशित करणार असाल तर आधी वकिलाला विचारा. आणखी एक खबरदारी: व्हेरा ब्रिटन १९७० मध्ये वारली, तेव्हा तिने लिहिलेलं चरित्र किंवा तिच्या प्रस्तावना यात धरू नका. भारतातही त्या २०३० अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

भाषांतराला कुणी बसलंच, तर समित्यांची आठही नावं जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. 'मेंटल डेफिशन्सी'साठी मी वर 'मनोदुर्बलता' लिहिलं आहे, आणि त्यावर माझं अजून समाधान झालेलं नाही.